आर्डुइनो ऊनो : पहिली ओळख

नातवंडांच्या शाळेतील प्रकल्पांमुळे आर्डुइनो हे नाव आता घरोघरी ऐकू येते. ज्येष्ठांनाही तो शिकता येतो. आम्ही वाणिज्य शाखेचे, आयुष्य बँकेत गेले. तरी पहिला दिवा लुकलुकवायला आम्हाला अभियंता व्हावे लागले नाही.

मूळ आणि परवाना
इटलीतील इव्रिया गावच्या एका डिझाइन संस्थेत २००५ च्या सुमारास हा बोर्ड तयार झाला. त्यामागे त्याच संस्थेतील एर्नांदो बारागान यांच्या 'वायरिंग' या प्रकल्पाचा पाया होता. बोर्डाचा आराखडा सर्वांना खुला आहे. म्हणून इतर उत्पादकांचे स्वस्त बोर्डही कायदेशीर असतात. मात्र आर्डुइनो हे नाव व बोधचिन्ह राखीव आहे. स्वस्त बोर्डावर बहुधा सीएच३४० ही चिप असते. संगणकाने तो ओळखला नाही तर तिचा ड्रायव्हर घालावा.

बोर्डावर काय असते?
ऊनो आर-३ वर अ‍ॅटमेगा ३२८पी ही चिप १६ मेगाहर्ट्झवर चालते. प्रोग्रामसाठी ३२ किलोबाइट जागा आणि कामापुरती २ किलोबाइट स्मृती. १४ डिजिटल पिना फक्त 'चालू' किंवा 'बंद' जाणतात. ६ अ‍ॅनालॉग पिना ० ते ५ व्होल्टचा दाब ० ते १०२३ या आकड्यांत मोजतात.

पहिला प्रोग्राम
१. आर्डुइनोच्या संकेतस्थळावरून आयडीई हे मोफत सॉफ्टवेअर घ्यावे.
२. बोर्ड यूएसबी केबलने जोडावा. काही केबली फक्त चार्जिंगच्या असतात. त्यांवरून प्रोग्राम जात नाही.
३. 'टूल्स'मध्ये बोर्ड व पोर्ट निवडावेत.
४. 'फाइल', 'एक्झाम्पल्स', 'बेसिक्स', 'ब्लिंक' असे उघडून 'अपलोड' दाबावे.

बोर्डावरचा 'एल' खुणेचा दिवा सेकंदभर लागतो, सेकंदभर विझतो. 'सेटअप'मधील सूचना सुरुवातीला एकदाच पाळल्या जातात, 'लूप'मधील पुन्हा पुन्हा. 'डिले'मधील १००० म्हणजे हजार मिलिसेकंद. तेथे २०० लिहून पाहावे. फरक लगेच दिसतो.

बाहेरचा एलईडी
येथे थोडा हिशेब लागतो. पिनेवर ५ व्होल्ट, त्यांतले लाल एलईडी सुमारे २ घेतो, उरले ३. त्यांना २२० ओहमने भागले की सुमारे १४ मिलिअँपिअर येतात. एका पिनेवर २० च्या आत राहावे, म्हणून हा रोधक पुरेसा. रोधक न लावता एलईडी जोडल्यास तो किंवा पिन जळू शकते. एलईडीचा लांब पाय धन बाजूचा.

उत्सवातील सावधगिरी
गणपतीच्या आराशीत दिव्यांची माळ किंवा फिरते चक्र चालवायचा मोह होतो. मोटर पिनेला थेट जोडू नये. मध्ये ट्रान्झिस्टर किंवा तयार ड्रायव्हर हवा आणि वीज वेगळी द्यावी. घरची २३० व्होल्ट वीज बोर्डाच्या पिनेला कधीही जोडू नये. रिले वापरतानाही त्याची जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावी. आराशीभोवती लहान मुले वावरत असतात. म्हणून तिथे ५ किंवा १२ व्होल्टच्या एलईडी पट्ट्याच वापराव्यात, असा आमचा आग्रह आहे.