मंत्रचळाला दार कुठले?

मराठीत ‘मंत्रचळ’ असा एक शब्द आहे. मंत्र चुकला की जपणाऱ्याच्या डोक्याला चळ लागतो, ही जुनी समजूत त्यात दडलेली दिसते. आपण तो थट्टेने वापरतो. कुलूप तीनतीनदा ओढून पाहणाऱ्या आजोबांना मंत्रचळे म्हणून पोरे हसतात आणि आजोबाही हसतात. डॉक्टर ज्याला ओसीडी म्हणतात त्या विकारालाही मराठीत हाच शब्द आहे. मात्र तेथे कोणी हसत नाही. नको तो विचार मनात घुसतो, भीती दाटते, ती शमविण्यासाठी हात धुवावे लागतात, मोजावे लागते, पुन्हा जाऊन पाहावे लागते. घटकाभर बरे वाटते आणि विचार परत हजर होतो. शंभर माणसांत एकदोघांना आयुष्यात कधीतरी हा विकार गाठतो. विशेष म्हणजे, हा सारा खुळेपणा आहे हे त्या बिचाऱ्याला बहुधा पक्के ठाऊक असते.

या ठाऊक असण्यानेच त्याची पंचाईत केली. ती कशी, हे आमच्या ढाणकीवरून सांगतो.

ढाणकी उमरखेड तालुक्यात आहे, वऱ्हाडाच्या अगदी दक्षिण कडेला. पैनगंगेपलीकडचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाचा होता. १९०५ मध्ये जुना वाशीम जिल्हा मोडून पुसद तालुका यवतमाळला जोडला गेला, त्याबरोबर हा प्रदेशही आला. मनाच्या दुखण्याला सरकारी दार एकच ठाऊक होते, ते नागपूरला. तेथील वेड्यांचे इस्पितळ १८६४ सालचे. दाखल करण्याचे नियम आधी १८५८ च्या आणि पुढे १९१२ च्या कायद्याने ठरविले, आणि हा १९१२ चा कायदा १९९३ पर्यंत चालला! त्याच्या डोळ्यांपुढे होता तो ‘वेडा’: भान हरपलेला, ज्याला बहुधा मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने आत पाठवावयाचे. भान शाबूत असूनही नळापासून हात सुटत नाही अशा माणसाने त्या फाटकाशी जाऊन काय सांगावे?

माझी एक आत्या होती. तिची घागर वेगळी, दोरी वेगळी. राखेने हात घासून घासून बोटांची सालटी निघत, थंडीत भेगांतून रक्त येई. पोराने शिवले की पुन्हा आंघोळ. घरची मंडळी कौतुकाने म्हणत, ‘बाई सोवळ्याची फार कडक!’ तिचे दुखणे त्या कौतुकात असे काही मुरले की त्याला औषध शोधावे हे कोणाच्या मनातच आले नाही. पुढे ती रात्र रात्र जागू लागली, तेव्हा माहूरला रेणुकादेवीच्या पायांवर घालून आणले. नवसावर मी बोट ठेवत नाही. जवळ दुसरे होते काय?

खरा उपाय दूर लंडनात सापडला. मिडलसेक्स रुग्णालयातील व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये दोन रुग्णांची हकीकत छापली. रीत ऐकायला निर्दय वाटते. ज्याची किळस किंवा भीती त्यालाच हात लावावयास सांगावयाचे आणि मग धुऊ द्यावयाचे नाही. परिचारिका पाळत ठेवीत, खोलीतले पाणीसुद्धा बंद करीत. भीती चढते, चढते, आणि न धुताच आपोआप उतरते. हे शरीराला एकदा कळले की विचाराची पकड सैल पडते. त्याच वर्षी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. एन. एस. वाहिया पातंजल योगाच्या आधारे मनोविकारांवर करीत असलेले उपचार इंग्लंडच्या नियतकालिकात मांडत होते. त्याचा मला अभिमान आहे. तरी मंत्रचळाला मेयर यांची वाटच जास्त मानवली, हे कबूल केले पाहिजे. क्लोमिप्रामिन हे औषधही त्याच दशकातले. आज त्याच्या जोडीला नवी औषधे आहेत.

आत्याला यातले काही मिळाले नाही. गेल्या वर्षी घरातल्याच एका मुलीला तोच त्रास सुरू झाला, तेव्हा शोध मी स्वतः केला. १९८९ पासून यवतमाळला आणि त्याच सुमारास नांदेडला सरकारी वैद्यकीय महाविद्यालये झाली. ढाणकीहून नांदेड जवळ, म्हणून आम्ही नांदेडची गाडी धरली. एका खासगी समुपदेशकाने, नाव सांगत नाही, ‘मन गुंतवा, मुलीचे लग्न करा’ एवढेच सांगून फी घेतली. तेथे एक गोष्ट उमगली: पाटी वाचून भागत नाही, प्रश्न विचारावे लागतात. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे औषधे देणारा डॉक्टर. संवादाचे उपचार बहुधा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ करतो, आणि तो भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला आहे का हे पाहावे. ‘धुण्यापासून रोखण्याचे उपचार आपण करता काय, किती मंत्रचळी रुग्ण पाहिलेत, घरच्यांना काय शिकवाल?’ हे प्रश्न मी कागदावर लिहून नेले. तिसऱ्या ठिकाणी समाधानकारक उत्तरे मिळाली.

ज्यांना प्रवास जमत नाही त्यांच्यासाठी सरकारने ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस नावाची फोनसेवा सुरू केली आहे. क्रमांक १४४१६, मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. २०१७ च्या कायद्याने मानसिक उपचार हा हक्क मानला आहे. हक्काच्या गाडीला ढाणकीत पोहोचायला वेळ लागतो, ही गोष्ट वेगळी.

मुलीचे उपचार चालू आहेत. सध्याचा गृहपाठ असा: चपलेला हात लावावयाचा आणि अर्धा तास तसेच बसावयाचे. तिच्या आईला त्याहून कठीण गृहपाठ मिळाला आहे. ‘हात स्वच्छ आहेत ना गं?’ असे मुलीने शंभरदा विचारले तरी तिने उत्तर द्यावयाचे नाही.