एचआयव्ही आणि समलिंगी पुरुष : औषध पोहोचलं, माहिती का नाही?

"डॉक्टर, म्हणजे आता मी कोणाच्या जवळ जायचंच नाही का?"

एचआयव्हीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की समलिंगी पुरुषांच्या मनात हा प्रश्न येतो. अनेकजण तो विचारतही नाहीत. त्याचं उत्तर आज वैद्यकशास्त्राकडे आहे आणि ते दिलासा देणारं आहे. मग ते सगळ्यांपर्यंत का पोहोचत नाही? त्यासाठी थोडा इतिहास पाहू या.

आधी शिक्का, मग विषाणू

५ जून १९८१ रोजी अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांची नोंद छापून आली. प्रतिकारशक्ती ढासळलेल्यांनाच होणारा एक दुर्मीळ न्यूमोनिया त्यांना झाला होता. पाचही जण समलिंगी होते. कारण कोणालाच ठाऊक नव्हतं, तरी काहींनी या आजाराला 'ग्रिड', म्हणजे समलिंगींशी निगडित प्रतिकारशक्तीचा विकार, असं नाव देऊन टाकलं. पुढे हिमोफिलियाच्या रुग्णांत आणि इंजेक्शनने नशा करणाऱ्यांतही तोच आजार दिसला. सप्टेंबर १९८२ पासून सीडीसी 'एड्स' हे नाव वापरू लागली. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये विषाणूही सापडला. नाव बदललं, पण शिक्का पुसला गेला नाही.

गंमत म्हणजे, बचावाची माहिती आधी दिली ती याच लोकांनी. १९८३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रिचर्ड बर्कोविट्झ आणि मायकेल कॅलन या दोन समलिंगी रुग्णांनी डॉ. जोसेफ सॉनाबेंड यांच्या मदतीने एक पुस्तिका काढली. साथीच्या काळात संबंध कसे ठेवावेत हे त्यात सांगितलं होतं आणि निरोध वापरण्याचा सल्ला होता. त्याच वर्षी डेन्व्हर शहरात जमलेल्या रुग्णांनी जाहीर केलं की आम्हाला 'बळी' म्हणू नका. इतरांसारखं लैंगिक आणि भावनिक आयुष्य जगण्याचा हक्कही त्यांनी मागितला.

आपल्याकडची शांतता

भारतात १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन (माहेरच्या गायतोंडे) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांमध्ये पहिली लागण शोधली. इथे शिक्का आधी त्या स्त्रियांवर बसला. पुरुषांमधले संबंध कलम ३७७ खाली गुन्हाच होते, त्यामुळे त्याबद्दल उघड बोलायचं कोणी? 'हा रोग बाईकडूनच होतो' असा गैरसमज त्या शांततेत वाढला. मुंबईत १९९४ मध्ये सुरू झालेल्या हमसफर ट्रस्टसारख्या संस्थांनी ही कोंडी फोडायला सुरुवात केली. आपण तर या आजारांना शब्दच 'गुप्तरोग' असा ठेवलाय! लपवलं की उपचार लांबतात आणि माहितीही मिळत नाही.

शून्य

१९९६ पासून एकत्रित औषधोपचार, म्हणजे एआरटी, मिळू लागला आणि माणसं जगू लागली. आपल्याकडे सरकारने २००४ पासून तो मोफत दिला. पुढचा प्रश्न होता : औषधाने लागण पसरणंही थांबतं का? २०११ मध्ये 'एचपीटीएन ०५२' अभ्यासाने 'हो' म्हटलं. त्यात पुण्यातलं केंद्रही होतं. पण त्यातली बहुतेक जोडपी स्त्री-पुरुषांची होती.

समलिंगी पुरुषांसाठीचं उत्तर २०१९ मध्ये युरोपातल्या 'पार्टनर २' अभ्यासातून आलं. एक जोडीदार बाधित आणि उपचारांमुळे व्हायरल लोड दाबला गेलेला, दुसरा बाधित नसलेला, अशी ७८२ जोडपी पाहिली. निरोधाविना सुमारे ७६,००० वेळा संबंध आले. पंधरा जणांना नव्याने लागण झाली, पण त्यांचा विषाणू जनुकीय तपासणीत जोडीदाराच्या विषाणूशी जुळला नाही, म्हणजे तो बाहेरून आला होता. जोडीदाराकडून झालेली लागण : शून्य.

तुमच्यासाठी याचा अर्थ

औषध रोज घेतलं, व्हायरल लोड सापडत नाही इतका खाली आला आणि तसाच राहिला, तर संबंधातून जोडीदाराला एचआयव्ही होत नाही. मात्र सिफिलिस, गनोरिया, हिपॅटायटिस यांपासून हे औषध वाचवत नाही. त्यासाठी निरोध आणि वेळोवेळी तपासणी हवीच. औषध मनाने बंद करू नका.

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञानांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. चारच दिवसांनी, १० सप्टेंबरला, एचआयव्हीबाधितांशी भेदभाव करण्यास मनाई करणारा आणि गोपनीयतेची हमी देणारा कायदा लागू झाला. म्हणजे तुमचे संबंध कोणाशी आहेत हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगता येतं. आणि आम्हा डॉक्टरांचंही काम आहे की कपाळाला आठी न घालता ते विचारायचं.

पुढच्या भेटीत एवढंच विचारा : "माझा व्हायरल लोड किती आहे?" सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर त्या आकड्यातच आहे.