इंटरनेट : प्रवेशाचा आणि मालकीचा प्रश्न

भारतातील इंटरनेटचा इतिहास सामान्यतः तंत्रज्ञानाच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वेग किती वाढला, दर किती उतरले, ग्राहक किती झाले, एवढेच त्यात मोजले जाते. ज्यांना शतकानुशतके ज्ञान नाकारले गेले त्यांनी या इतिहासाला वेगळा प्रश्न विचारला पाहिजे : आत कोण आले, आणि आल्यावर त्यांच्या हाती काय पडले?

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने ही सेवा सर्वसामान्यांसाठी सुरू केली. यातील 'सर्वसामान्य' हा शब्द तपासून घ्यावा लागतो. चित्रांसह सर्व काही दिसणाऱ्या जोडणीसाठी एका व्यक्तीस २५० तासांचे १५,००० रुपये पडत. विद्यार्थ्यांसाठी ५०० रुपयांची जोडणी होती. तिच्यात केवळ अक्षरे दिसत. शिवाय संगणक हवा, टेलिफोन हवा आणि इंग्रजी हवी. या तिन्ही गोष्टी ज्या घरात एकत्र होत्या, ती बहुधा पिढ्यान्‌पिढ्या शिकलेली घरे होती. मराठीत लिहिलेला मजकूर तर तोच फॉन्ट नसेल तर दुसऱ्या संगणकावर वाचताही येत नसे. युनिकोड रुळल्यावर ही अडचण सरली.

मधल्या काळात सायबर कॅफे आले. तासाचे पैसे मोजून आमच्या पिढीने तेथे निकाल पाहिले, नोकरीचे अर्ज भरले. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली. पहिले काही महिने ती फुकट होती, त्यामुळे इतर कंपन्यांनाही दर उतरवावे लागले. पैशाचा दरवाजा बराचसा उघडला, हे मान्यच केले पाहिजे.

परंतु राष्ट्रीय नमुना पाहणीचे २०१७-१८ चे आकडे पाहावेत. ग्रामीण भागात १४.९ टक्के घरांत इंटरनेट होते, संगणक मात्र ४.४ टक्के घरांत. म्हणजे इंटरनेट असलेल्या बहुसंख्य ग्रामीण घरांत संगणक नव्हता. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कधीतरी इंटरनेट वापरलेले पुरुष ५७.१ टक्के, तर स्त्रिया ३३.३ टक्के आढळल्या. घरात एकच मोबाइल असेल तर तो कोणाच्या हाती राहतो, हे यावरून समजते. २०२० च्या टाळेबंदीत वर्ग मोबाइलवर भरले तेव्हा याची किंमत मुलींनी अधिक मोजली.

माझ्या वर्गातील मुले निबंध अंगठ्याने टंकतात. तळहाताएवढ्या पडद्यावर व्हिडिओ पाहता येतो. संशोधन करणे, संदर्भ जुळवणे, ग्रंथ सिद्ध करणे फार कठीण जाते. पाहणारा वाढला, लिहिणारा त्या प्रमाणात वाढला नाही.

तरीही या साधनाची शक्ती आपण अनुभवली आहे. अॅट्रॉसिटी कायदा सैल करणाऱ्या निकालाविरुद्ध २ एप्रिल २०१८ रोजी भारत बंद झाला, तेव्हा त्याची हाक मोबाइलवरून गावोगाव गेली. त्याच वेळी पंजाबात शासनाने मोबाइल इंटरनेट बंद केले. त्याच वर्षी संसदेला कायदा दुरुस्त करावा लागला.

बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढला, कारण दुसऱ्याच्या पत्रात आपला आवाज उमटत नाही हे त्यांनी ओळखले होते. आज आपण वापरतो ती व्यासपीठे कंपन्यांची आहेत आणि त्यांची कळ शासनाच्या हाती आहे. म्हणून स्वस्त डेटावर समाधान मानू नये. प्रत्येक वसतिगृहात रात्री उघडा राहणारा संगणक कक्ष, ही मागणी शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी लावून धरावी. तेथे बसून आपल्या मुलामुलींनी आपला इतिहास स्वतः लिहावा.