वडील काय करतात?

मोठ्या फर्मच्या मुलाखतीचे टप्पे आता सगळ्यांना पाठ आहेत. आधी लॅपटॉपवर ॲप्टिट्यूड टेस्ट, मग ग्रुप डिस्कशन, मग विषयाचा राउंड, आणि शेवटी एचआर. विषयाच्या राउंडची सगळे धास्ती घेतात. एचआरची कोणी घेत नाही. क्लासवाले, सीनियर, यूट्यूबवरचे मार्गदर्शक सगळे एकच सांगतात, ती फॉर्मॅलिटी असते. स्वतःबद्दल सांगायचं, घरचं सांगायचं, हसून बाहेर यायचं.

वरुड तालुक्यातून पुण्या-मुंबईकडे नोकरीसाठी निघालेल्या आमच्यासारख्यांचा अनुभव थोडा वेगळा आहे. पुण्यातल्या एका मोठ्या ऑडिट आणि कन्सल्टिंग फर्ममध्ये माझी मुलाखत झाली. अकाउंटिंग स्टँडर्डवरचे प्रश्न दहा मिनिटांत आटोपले. त्याहून जास्त वेळ गेला तो शेंदूरजनाघाट म्हणजे कुठे, घाट म्हणजे हिल स्टेशन आहे का, घरात इंग्रजी कोण बोलतं आणि वडील काय करतात, यात. वडिलांची संत्र्याची कलमं विकायची छोटी नर्सरी आहे, असं मी सांगितलं. 'ओके, नाइस,' एवढं उत्तर आलं. आठ दिवसांनी नकाराचा ईमेल आला, त्यात कारण नव्हतं. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "नोकरी तुले पायजे होती, मंग माह्यं काम काऊन इचारलं त्यायनं?"

बाबांचा प्रश्न साधा होता, पण त्याचं उत्तर शोधताना मला दीडशे वर्षं मागे जावं लागलं.

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात हा प्रश्न विचारावाच लागत नसे. कंपनीच्या सनदी नोकऱ्या डायरेक्टरांच्या शिफारशीवर मिळत. कोणाचा मुलगा, कोणाचा पुतण्या, हीच पात्रता होती. १८५३ च्या चार्टर कायद्याने ही शिफारस बंद केली आणि १८५५ मध्ये लंडनला पहिली खुली स्पर्धा परीक्षा झाली. योगायोग असा, की त्याच १८५३ साली निजामाच्या थकलेल्या कर्जापोटी वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात आलं. म्हणजे आमच्या भागावर इंग्रजी अंमल बसला, त्याच वर्षी त्या अंमलाची नोकरी कागदावर तरी सर्वांना खुली झाली. कागदावर, कारण परीक्षा लंडनला आणि अभ्यासक्रम इंग्लंडातल्या शाळा-कॉलेजांच्या मापाने बेतलेला.

तरीही १८६९ मध्ये चार भारतीय एकदम पास झाले. रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबई इलाख्यातले श्रीपाद बाबाजी ठाकूर. त्यातल्या बॅनर्जी आणि ठाकूर या दोघांची नावं वयाच्या कारणावरून यादीतून काढली गेली. वय मोजायची आपली पद्धत वेगळी आणि त्यांची वेगळी, एवढाच घोळ होता. प्रकरण लंडनच्या कोर्टापर्यंत गेलं आणि दोघांना परत घ्यावं लागलं. मला या प्रकरणातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. नकाराचं कारण लेखी होतं, म्हणून त्याच्याशी भांडता आलं. अन्याय कागदावर असला, की निदान त्याला हात लावता येतो.

पुढे परीक्षेला तोंडी परीक्षा जोडली गेली. १९१७ मध्ये ब्रिटनच्या सनदी सेवेतल्या वरच्या जागांसाठी लीद्स समितीने ३०० गुणांची तोंडी परीक्षा सुचवली. ती विषयज्ञान तपासण्यासाठी नव्हती. ज्ञान लेखी पेपरात कळतंच. उमेदवार किती चटपटीत आहे, त्याची बुद्धी आणि दृष्टी कशी आहे, हे समोरासमोर बघायचं होतं. हेतू वाईट नव्हता. पण चटपटीतपणा मोजायची पट्टी टेबलापलीकडच्या माणसाच्या डोक्यात असते, आणि ती त्याच्या घरात, त्याच्या शाळेत तयार झालेली असते.

त्याच १९१७ साली अमेरिका आणि इंग्लंडात शिकून एक तरुण भारतात परतला. कोलंबिया विद्यापीठातलं अर्थशास्त्राचं उच्च शिक्षण आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला अर्धा राहिलेला अभ्यास घेऊन आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. शिष्यवृत्तीच्या करारानुसार ते बडोदा संस्थानात नोकरीला गेले. अकाउंटंट जनरलच्या कचेरीत उमेदवारी सुरू झाली. राहायला जागा मिळेना, म्हणून ते नाव लपवून एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना तिथून निघावं लागलं. ही हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

त्यानंतरचा छोटा तुकडा आपण सहसा वाचत नाही. मुंबईत परतल्यावर त्यांनी शेअर्स आणि गुंतवणुकीबद्दल सल्ला देणारा व्यवसाय सुरू केला. आजच्या भाषेत फायनान्शियल ॲडव्हायझरी. मोठमोठ्या फर्म आज ज्या सल्ल्याचे लाखो रुपये घेतात, त्याच जातीचं काम. सल्ला घ्यायला लोक आले. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळलं तसे ते गेले, आणि व्यवसाय बंद पडला. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले.

मला वाटतं, आपल्याकडच्या व्यावसायिक सेवांच्या इतिहासाचं पहिलं पान इथे उघडायला हवं. कारण या धंद्यात विकायला वस्तू नसते, विश्वास असतो. कापसाची गाठ कोणी पिकवली हे कापूस घेणारा विचारत नाही, तो धागा बघतो. सल्ला मात्र माणसापासून वेगळा काढून बघता येत नाही, म्हणून गिऱ्हाईक माणसाकडे बघतं. आणि माणसाकडे बघायचं म्हटलं, की आपल्याकडे आडनाव, गाव आणि वडील आधी दिसतात.

हिशेबनिसांच्या फर्मही याच मातीत वाढल्या. कलकत्त्यात लव्हलॉक अँड लुईस १८८० पासून होती. मुंबईत एकोणिसावं शतक संपायच्या आत ए. एफ. फर्ग्युसन आली. वरच्या जागा विलायतेहून आलेल्या चार्टर्ड अकाउंटंटांच्या. इंग्लंडात तर उमेदवारी करायलाही आधी पैसे भरावे लागत, त्याला प्रीमियम म्हणत. ज्याच्या बापाकडे पैसे, त्याचाच मुलगा आर्टिकल्ड क्लार्क. मुंबई सरकारने १९१८ मध्ये गव्हर्नमेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी सुरू केला, तेव्हा इथल्या मुलांसाठी दार थोडं उघडलं. पण परीक्षेसोबत मान्यताप्राप्त अकाउंटंटकडे तीन वर्षांची उमेदवारी सक्तीची होती. १ जुलै १९४९ ला इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया स्थापन झाली आणि पेपर सगळ्या देशाला एक झाला. उमेदवारी देणारा माणूस मात्र पूर्वीसारखाच आपल्या ओळखीतला मुलगा घेत राहिला. अमरावतीत किंवा अकोल्यात आर्टिकलशिप शोधलेल्या कोणालाही विचारा, पहिला फोन मामाच्या ओळखीच्या सीएला जातो. ज्याच्या मामाच्या ओळखीत सीए नाही, तो फाइल घेऊन जिने चढत राहतो.

सरकारी मुलाखतीचं पुढे काय झालं, हे मात्र प्रत्येक उमेदवाराने वाचावं असं आहे. श्रीनगरच्या रीजनल इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेशासाठी १०० गुणांची लेखी परीक्षा आणि ५० गुणांची तोंडी परीक्षा होती. नाकारलेल्या मुलांची तक्रार होती, की मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली आणि प्रश्न आईवडील कोण, राहता कुठे, असलेच होते. अजय हसिया खटल्याचा निकाल १९८० मध्ये लागला. न्या. भगवती यांनी लिहिलं, की अशा प्रवेशात तोंडी परीक्षेला १५ टक्क्यांहून जास्त गुण ठेवणं मनमानी ठरेल. शक्य असेल तर मुलाखतीचं टेपरेकॉर्डिंग करावं, असंही न्यायालयाने सुचवलं. १९८५ मध्ये हरयाणा लोकसेवा आयोगाच्या प्रकरणात, अशोक कुमार यादव खटल्यात, खुल्या उमेदवारांसाठी ही मर्यादा १२.२ टक्के सांगितली गेली. आज यूपीएससीत २०२५ पैकी २७५ गुण मुलाखतीचे असतात, म्हणजे साधारण साडेतेरा टक्के. आणि १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारच्या खालच्या पदांसाठी मुलाखतच बंद झाली.

म्हणजे सरकारी नोकरीत 'वडील काय करतात' हा प्रश्न विचारला जाऊ शकतो, पण त्याच्या उत्तराची किंमत किती असू शकते, याला वरून झाकण आहे. खासगी फर्ममध्ये असं झाकण नाही. तिथे शेवटचा राउंड १३ टक्क्यांचा की १०० टक्क्यांचा, हे उमेदवाराला कळतच नाही.

या प्रश्नाचा अभ्यासही झाला आहे. २००७ मध्ये सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या २५ एचआर मॅनेजरांशी बोलून लिहिलं. आम्ही जात बघत नाही, फक्त मेरिट बघतो, असा बहुतेकांचा सूर होता. आणि कौटुंबिक पार्श्वभूमी विचारता का, तर हो, विचारतो. घर कसं आहे त्यावरून माणूस कळतो. त्याच वर्षी सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी वर्तमानपत्रातल्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले. उच्चवर्णीय हिंदू आडनावाला बोलावणं येण्याची शक्यता एक धरली, तर दलित आडनावाला ०.६७ आणि मुस्लिम नावाला ०.३३ इतकी निघाली. तिथे तर मुलाखतीपर्यंतही गोष्ट पोहोचली नव्हती.

हे फक्त आपल्याकडेच नाही. अमेरिकेतल्या लॉरेन रिव्हेरा या समाजशास्त्रज्ञ बाईंनी मोठ्या लॉ, बँकिंग आणि कन्सल्टिंग फर्ममध्ये माणसं निवडणाऱ्या १२० जणांशी बोलून दाखवलं, की निवड करणारे आपल्यासारखाच माणूस शोधतात. खेळ कोणता, सुट्टीत कुठे जातो, विमानतळावर फ्लाइट रखडली तर याच्याशी गप्पा मारायला आवडेल का. याला 'कल्चर फिट' म्हणतात. आता शेंदूरजनाघाटच्या पोराने उन्हाळ्याच्या सुट्टीत काय केलं? जंभेरीच्या रोपांना पाणी दिलं.

आमच्या गावाचा धंदाच कलमांचा. जंभेरीच्या खुंटावर नागपुरी संत्र्याचा डोळा बांधायचा आणि कलम विकायची. जाणकार गिऱ्हाईक पानं बघून भुलत नाही, खुंट कोणता ते विचारतं. तिथे तो प्रश्न रास्त आहे. मुळाचा रोग पुढे झाडात येतो आणि कलमाला स्वतःबद्दल काही सांगता येत नाही. माणसाचं तसं नसतं. समोर बसलेल्या पोरीने चार परीक्षा पास केलेल्या असतात, तिला एखादा ताळेबंद देऊन वाचायला सांगता येतो. एवढं असून खुंट विचारला जातो, तेव्हा माहिती हवी असते असं नाही, खात्री हवी असते. आपल्यातलीच आहे ना, याची.

बदल होऊ शकतो, हेही इतिहासच सांगतो. १९९८ मध्ये श्मिट आणि हंटर यांनी ८५ वर्षांच्या संशोधनाचा गोषवारा मांडला. त्यात सगळ्यांना तेच प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारून गुण देणारी मुलाखत गप्पांवजा मुलाखतीपेक्षा पुढचं काम जास्त बरोबर ओळखते, असं दिसलं. २०१५ मध्ये डेलॉइटने ब्रिटनमध्ये नव्या भरतीत मुलाखत घेणाऱ्यांना उमेदवाराचं विद्यापीठ न सांगण्याचं ठरवलं, आणि अर्न्स्ट अँड यंगने पदवीच्या श्रेणीची अट काढली. तिथे करता येतं ते पुण्यात आणि हैदराबादमध्येही करता येईल.

तोवर आपण काय करायचं? कॅम्पसला येणाऱ्या कंपनीला कॉलेजच्या प्लेसमेंट सेलने तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. कोणत्या राउंडला किती वजन आहे, घरच्या परिस्थितीवर प्रश्न असतील तर त्याला गुण आहेत का, आणि नाकारलेल्याला कारण कळवणार का. एकट्या उमेदवाराला हे विचारता येत नाही, त्याला नोकरी हवी असते. कॉलेजला विचारता येतं. पहिला राउंड आता बऱ्याच ठिकाणी व्हिडिओवर होतो, म्हणजे १९८० मध्ये न्यायालयाला हवं असलेलं रेकॉर्डिंग आज आपोआप तयार होतं. ते फक्त कंपनीकडे राहतं. ते उमेदवाराला मागता यावं, एवढी तरतूद झाली तरी १८६९ च्या ठाकूरांना जे जमलं ते आजच्या मुलामुलींना जमेल. नकाराचं कारण हातात असेल, आणि मग त्याच्याशी भांडता येईल.