जोखमीचा व्यापार आणि देवघेवीचे द्वार

माल विकला जाणे आणि मालाचे पैसे हाती पडणे या व्यापारातील दोन वेगळ्या क्रिया होत. त्यांच्यामध्ये अंतर, काळ आणि अविश्वास उभे असतात. आणि हे अंतर तोडून देणारा मध्यस्थ, मग तो सराफ असो, पेढी असो की बँक असो, प्रत्येक युगात आवश्यक ठरला आहे. ज्या धंद्यात पैसा बुडण्याचा संभव अधिक, त्याच्याशी या मध्यस्थाने कसे वागावे, हा प्रश्न म्हणूनच जुना आहे. त्याची दोन उत्तरे संभवतात: जोखमीची किंमत वाढवून घेणे, अथवा त्या धंद्याला दारच बंद करणे. या दोन उत्तरांपैकी कोणते केव्हा व का प्रबळ ठरले, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

पहिल्या उत्तराची स्पष्ट नोंद कौटिलीय अर्थशास्त्रात मिळते. तिसऱ्या अधिकरणातील ऋणविषयक प्रकरणात शंभर पणांवर दरमहा सव्वा पण ही धर्म्य वृद्धी सांगितली आहे; व्यापाऱ्यांसाठी पाच पण, अरण्यमार्गाने जाणाऱ्यांसाठी दहा आणि समुद्रगामी व्यापाऱ्यांसाठी वीस. याज्ञवल्क्यस्मृतीतही अरण्यगामींना दहा व समुद्रगामींना वीस हेच प्रमाण आढळते. समुद्रगामी व्यापाऱ्याचा दर धर्म्य दराच्या सोळापट आहे, ही गोष्ट डोळ्यांत भरते. परंतु अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की, तो ऋणास अपात्र मानलेला नाही. शास्त्रकारांनी त्याचा धोका मोजला आणि त्याला दर लावला.

ग्रीसमध्येही हीच दृष्टी दिसते. डेमॉस्थिनीझच्या लॅक्रिटसविरुद्धच्या भाषणात सागरी कर्जाचा एक करारनामा आला आहे. तीन हजार द्राख्मांच्या या कर्जावर हजारी २२५ व्याज ठरले होते. मात्र परतीचा प्रवास स्वाती ताऱ्याच्या उदयानंतर, म्हणजे वादळांचा ऋतू जवळ आल्यावर, सुरू झाल्यास ते हजारी ३०० व्हावयाचे होते. माल सुखरूप पोहोचला तरच कर्ज फेडावयाचे, हा अशा कराराचा गाभा होता. जोखमीची किंमत येथे ऋतुमानाप्रमाणेसुद्धा बदलते.

पश्चिम भारताच्या किनाऱ्यावरील व्यापारात या तत्त्वाने जोखमी हुंडीचे रूप घेतले. माल पाठविणारा व्यापारी गलबतावर माल चढवून, तो ज्या बंदरी जावयाचा तेथील माल घेणाऱ्यावर हुंडी लिही आणि ती सराफास विकी. त्याला रोकड तेथल्या तेथे मिळे. सराफ हुंडणावळीबरोबरच सागरी धोक्याचा मोबदलाही किमतीतून कापून घेई. गलबत सुखरूप लागले तर सराफाने रक्कम वसूल करावी. बुडाले तर हुंडी बुडाली आणि तोटा सराफाचा. पैसे पोहोचविणे, आगाऊ भांडवल देणे आणि विमा उतरविणे ही तीन कामे एकाच कागदाने होत. सन १८८१ च्या परक्राम्य दस्तऐवजांच्या कायद्यातील पाचव्या कलमाने विनिमयपत्राचा आदेश बिनशर्त असावा असे ठरविले. जोखमी हुंडी सशर्त असल्याने त्या व्याख्येत बसली नाही. तथापि त्याच कायद्याच्या पहिल्या कलमाने देशी भाषांतील दस्तऐवजांविषयीचे स्थानिक रिवाज राखून ठेवले.

या व्यवस्थेचे गौरवीकरण करणे मात्र युक्त होणार नाही. तिलाही दार होते, आणि त्या दाराचे नाव पत. शहाजोग हुंडीची रक्कम बाजारातील प्रतिष्ठित सावकाराच्या मार्फतच अदा व्हावयाची; म्हणजे अनोळखी माणसाला ओळखीच्या पेढीचा आधार शोधणे भाग होते. जो जातीने, नात्याने वा पिढीजात व्यवहाराने बाजाराच्या वर्तुळात नव्हता, त्याच्यासाठी जोखमीचा दर किती हा प्रश्नच उद्भवत नसे. तरीही वर्तुळातील व्यापाऱ्याचा धंदा धोक्याचा आहे एवढ्याच कारणाने त्याला बाहेर काढावे, अशी ही रीत नव्हती.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कार्डाच्या देवघेवीने या चित्रात मूलगामी फरक घडविला. सन १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो शहरी सुमारे साठ हजार कार्डे वाटून या पद्धतीचा मोठा प्रयोग केला. सन १९७४ च्या अमेरिकी कायद्याने ग्राहकाला चुकीच्या आकारणीविरुद्ध तक्रार करून रक्कम रोखून धरण्याचा अधिकार दिला. ग्राहकाची तक्रार मान्य झाली की रक्कम व्यापाऱ्याच्या बँकेकडून परत घेतली जाते, आणि व्यापारी दिवाळखोर झालेला किंवा नाहीसा झालेला असेल तर तोटा त्या बँकेच्या माथी बसतो. प्रवासाची तिकिटे महिनोन्‌महिने आधी विकणारा धंदा म्हणूनच प्रामाणिक असूनही जोखमीचा गणला जातो. पैसे आज येतात, सेवा पुढे द्यावयाची असते.

यावर बँकांनी काही अंशी जुनेच उपाय योजले: अधिक आकार घेणे आणि विक्रीचा काही हिस्सा काही महिने राखून ठेवणे. परंतु त्यांच्या जोडीला काळी यादी आली. खाते बंद झालेल्या व्यापाऱ्याचे नाव मास्टरकार्डच्या यादीत पाच वर्षे राहते, आणि ते वाचून दुसरी बँकही सामान्यतः दार लावून घेते. पूर्वी एका सराफाने नाकारलेला व्यापारी दुसऱ्या पेढीची पायरी चढू शके; आता नकारही एका दप्तरातून दुसऱ्या दप्तरात पोहोचतो.

पुढची पायरी म्हणजे राज्यसंस्थेने या दाराचा उपयोग करणे. अमेरिकेच्या न्याय खात्याने सन २०१३ मध्ये ‘ऑपरेशन चोक पॉइंट’ या नावाने फसवणुकीस साह्य करणाऱ्या बँकांची व मध्यस्थांची चौकशी आरंभिली. कायदेशीर धंद्यांचीही खाती तिच्या दडपणाने बंद होत आहेत असा आक्षेप आला, आणि २०१७ मध्ये ती समाप्त झाल्याचे जाहीर झाले. भारतात रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकान्वये आभासी चलनाचा व्यवहार करणाऱ्यांना सेवा देण्यास बँकांना मनाई केली. तो धंदा कायद्याने निषिद्ध नव्हता. त्याचे खाते तेवढे निषिद्ध झाले. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी हे परिपत्रक प्रमाणबद्धतेच्या कसोटीवर रद्द केले. रिझर्व्ह बँकेचे अधिकार न्यायालयाने मान्य केले. परंतु या व्यवहारामुळे तिच्या नियंत्रणाखालील संस्थांना कोणती हानी पोहोचली, हे दाखविले गेले नव्हते.

या इतिहासाचे तात्पर्य एकाच वाक्यात मावणारे नाही. फसव्या धंद्याला दार बंद झालेच पाहिजे, अन्यथा त्याचा भार प्रामाणिक व्यापाऱ्यांवर व ठेवीदारांवर पडेल. परंतु रोख पैशाचे क्षेत्र जसजसे आकुंचित होते, तसतसा खाते नाकारण्याचा अर्थ धंदा नाकारणे असाच होऊ लागतो. सराफ गलबताचा धोका मोजून स्वतःचा पैसा त्यात घालीत असे. त्याची चूक झाली तर नुकसान त्याचेच होई. आज चुकीच्या नकाराचे नुकसान नकार देणाऱ्याला क्वचितच सोसावे लागते. म्हणून नकाराची कारणे सांगितली जाणे आणि ती तपासली जाणे, या दोन गोष्टींची आवश्यकता जोखमी हुंडीच्या काळापेक्षा आज अधिक आहे.