सोल्डरिंग गन (तार-पुरवठ्याची)
झाळकामासाठी वापरायचे, पिस्तुलाच्या आकाराचे विजेवर चालणारे हत्यार. घोडा दाबला की मुठीवरच्या रिळातील सोल्डरची तार नळीतून पुढे सरकते आणि तापलेल्या टोकापाशी येते. साध्या सोल्डरिंग आयर्नने डाग देताना एका हातात आयर्न, दुसऱ्यात तार. मग सुटी वायर धरायची कोणी? हा दुसरा हात मोकळा होणे, हेच या गनचे खरे मोल. देवणीसारख्या (जि. लातूर) तालुक्याच्या गावी एकट्याने दुकान चालवणाऱ्या दुरुस्ती कारागिराला ती म्हणूनच सोयीची.

63 टक्के कथिल व 37 टक्के शिसे असलेले सोल्डर 183° से.ला वितळते, नेहमीच्या शिसेविरहित सोल्डरला सुमारे 217° से. लागते. तारेच्या पोटातील राळ धातूवरील ऑक्साइडचा थर काढते. सोल्डर टोकावर नव्हे, तापलेल्या जोडावर वितळले पाहिजे. अन्यथा जोड कच्चा राहतो. कार्ल वेलर यांची रोहित्रावर चालणारी, झटपट तापणारी गन (पेटंट 1946) हा वेगळा प्रकार; तीत तार हातानेच द्यावी लागते.

राळेचा धूर श्वासात जाऊ देऊ नये. शिसेयुक्त तार हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.