गॅस गेला कुठे? मामाची पिकअप आणि आभाळातलं भोक

आजचा एपिसोड मामाच्या पिकअपपासून सुरू होतो आणि थेट अंटार्क्टिकावर जातो. कसा, ते ऐकाच.

मामा पहाटे वाशी मार्केटमधून भाजी उचलतो, ऐरोली पुलावरून येतो आणि मुलुंड, भांडुप, घाटकोपर असा माल टाकत दुपारी घरी पोचतो. एप्रिलमध्ये त्याच्या गाडीचा एसी थंड हवा देईना. पंखा जोरात, पण वारा कोमट. एका ठिकाणी त्याने "गॅस भरून" घेतला. तीन आठवडे मजेत गेले. मग परत कोमट. पुन्हा गॅस, पुन्हा पैसे, पुन्हा तेच.

तिसऱ्या वेळी मी सोबत गेलो. भांडुपला एलबीएस रोडच्या आतल्या गल्लीत एक एसीवाला मेकॅनिक आहे. त्याने प्रेशर गेज लावलं, दोन्ही बाजूंचं प्रेशर कमी. मग विचारलं, "मामा, गॅस काय डिझेल आहे का, जळून संपायला? आधीचा गेला कुठे?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला. एसीचा गॅस वापरून संपत नाही. कॉम्प्रेसर तो दाबतो, पुढच्या कंडेन्सरमध्ये त्याची उष्णता बाहेर जाऊन तो द्रव होतो, मग डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये त्याची वाफ होताना तो केबिनमधली उष्णता शोषतो. परत कॉम्प्रेसर. तोच गॅस, गोल गोल. कमी झाला म्हणजे गळलाच. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे बग तसाच ठेवून सर्व्हर रिस्टार्ट करणं.

आता हाच प्रश्न जगाला कधी पडला, ते बघू.

१९२०च्या दशकात फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथिल क्लोराइड असले विषारी वायू असायचे. घरात गळती झाली की माणसं मरायची. म्हणून १९२८ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली आणि सहकाऱ्यांनी नवा वायू शोधला. आपण त्याला फ्रिऑन किंवा आर-१२ म्हणून ओळखतो. १९३० मध्ये मिजलीने रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत तो वायू छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. विषारी नाही, पेट घेत नाही, एकाच फुंकरीत सिद्ध! पुढे पॅकार्डने १९४०च्या मॉडेलमध्ये एसी आणला आणि हाच वायू गाडीत बसला.

आपल्याकडे मुंबईच्या मफतलाल समूहाची नवीन फ्लोरीन कंपनी १९६७ मध्ये उभी राहिली. कारखाना सुरतेला, गॅसचं नाव मॅफ्रॉन. पण गाडीत एसी ही तेव्हा चैनच. कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत आपला एसी म्हणजे पुढच्या खिडकीची ती छोटी तिकोनी काच. फिरवली की वारा.

गॅस गळला तरी कुणाला फिकीर नव्हती. बिनविषारी आहे ना, उडून गेला! पण "उडून गेला" म्हणजे कुठे? १९७३ मध्ये कॅलिफोर्नियात शेरवुड रोलंड आणि मेक्सिकोहून आलेला तरुण मारिओ मोलिना यांनी नेमकं हेच विचारलं. उत्तर भयंकर निघालं. हा वायू इतका टिकाऊ, की खाली कशानेच तुटत नाही. तो हळूहळू वर चढतो, तिथे अतिनील किरणांनी फुटतो आणि सुटलेला क्लोरीनचा एक अणू ओझोनचे हजारो रेणू खातो. ज्या गुणासाठी त्याचं कौतुक झालं, तोच गुण नडला.

१९७४ मध्ये त्यांचा निबंध छापून आला. कंपन्यांनी आधी उडवून लावला. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरचं ओझोनचं भोक दाखवलं, आणि दोनच वर्षांत मॉन्ट्रियल करार झाला. भारत १९९२ मध्ये त्यात आला. नव्या गाड्यांत आर-१२ जाऊन आर-१३४ए आला. ओझोनचा थर आता सावकाश भरून येतोय. जगाने मिळून केलेली एक दुरुस्ती खरंच लागू पडली.

पण गोष्ट इथे संपत नाही. आर-१३४ए ओझोनला हात लावत नाही, मात्र कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट उष्णता अडवतो. गाडीत साधारण अर्धा किलो गॅस असतो. तो सगळा गळला तर सुमारे ७०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम, म्हणजे जवळपास २६० लिटर डिझेल जाळल्यासारखं. मामाने हे दोनदा केलं, तेही पैसे मोजून! म्हणूनच २०१६ मध्ये किगालीला या वायूंवरही करार झाला आणि भारताने तो २०२१ मध्ये मंजूर केला.

परत भांडुप. मेकॅनिकने कंडेन्सरजवळच्या पाइपच्या जोडावर बोट ठेवलं. तिथे काळा, तेलकट डाग. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर फिरतं, त्यामुळे जिथून गॅस गळतो तिथे तेल येतं आणि धूळ चिकटते. नायट्रोजनचं प्रेशर देऊन साबणाचं पाणी लावलं, बुडबुडे आले. दोष होता एका छोट्या रबरी ओ-रिंगचा. ती बदलली, पुन्हा प्रेशर देऊन तपासलं, अर्धा तास व्हॅक्यूम पंप लावला आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलंय तेवढाच गॅस वजन करून भरला. तुमच्या गाडीचा एसी गार होत नसेल, तर "गॅस भरा" म्हणू नका, "लीक शोधा" म्हणा.

जाता जाता एक. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकना एसी केबिन सक्तीची आहे. पण हा नियम साडेतीन टनांच्या वरच्या गाड्यांना. मामाची पिकअप त्याच्या आत. म्हणजे मुंबईची भाजी, दूध, पार्सल वाहणाऱ्या छोट्या गाडीवाल्याचा गारवा अजून त्याच्याच खिशावर आहे.

"गेली दोन वर्षं मला वाटायचं, उन्हाळाच वाढलाय," मामा परत येताना म्हणाला. मी काही बोललो नाही. तेही खोटं नव्हतं.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.